वरचा जबडा यंदा

डिसेंबरची एकवीस तारीख.
गुदैबियातल्या दवाखान्यात एसी उगाचच चालू,
बाहेर तर स्वेटर घालावा अशी हवा.
शाल्मली खुर्चीत आडवी,
ओठ प्लास्टिकच्या चिमट्यानं मागे ओढलेले,
आणि मी काउंटरवर शैजाबरोबर
तिच्या तोंडाची दोन वर्षांत वाटणी करतेय.

कंपनीनं यंदापासून एक खातं दिलंय,
लवचिक म्हणतात त्याला.
वर्षाला तीनशे दिनार.
चष्मा करा, दाढ भरा, पाठीला पट्टा घ्या,
तुमची मर्जी.
फक्त एकतीस तारखेच्या मध्यरात्री
उरलंसुरलं सगळं
कंपनीच्या पोटात परत.
लवचिकपणा एवढाच, की वाकायचं आपण.

"सहाशे वीस," शैजा म्हणते,
मग आवाज उतरवून, तिच्या मल्याळी हिंदीत:
"दीदी, ऊपरवाला इस साल. नीचेवाला जनवरी."
क्षणभर मला वाटलं, देवाचंच काही सांगतेय.

वरची तार यंदाच्या बिलावर,
खालची नव्या वर्षाच्या.
वरचे वीस पर्समधून.
डॉक्टर हनानना विचारलं, चालेल का असं?
त्या म्हणाल्या, दातांना कॅलेंडर कळत नाही.
महिन्याला मिलिमीटरभर सरकतात,
तेही कुणी ढकललं तर.

फॉर्मवर एक रकाना:
उपचार गरजेचा, की दिसण्यासाठी?
दिसण्यासाठी असेल तर पैसे नाहीत.
डॉक्टरांनी लिहिलं, चावण्यास अडथळा.
खोटं नाही. मक्याचं कणीस ती एका बाजूनंच खाते.
पण मे महिन्यात शाळेच्या फोटोत
तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते,
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझा एक सुळा
शेजारच्या दाताच्या खांद्यावर चढून बसलाय.
चिपळूणला आमच्याकडे असलं काही सरळ करत नसत.
"दुखतंय का?" दादा विचारायचे.
नाही म्हटलं की विषय संपला.
पुढे बघायला आले तेव्हा
चहाचा कप मी जरा जास्तच वेळ तोंडाशी धरला.
निनाद म्हणतो, त्याला सुळाच आवडला.
असेलही.

हे खातं ऑफिसातल्या चाळीस जणांना.
साइटवरच्या सहाशेंना नाही.
मला माहीत आहे, कारण यादी मीच टाइप केली.
नोव्हेंबरात रामाशीष आला होता,
पुढचा दात अर्धा तुटलेला,
उरलेला अर्धा टिश्यूत बांधून आणलेला,
चिकटवता येईल या आशेनं.
मी त्याच्या कार्डाचे नियम वाचून दाखवले:
या श्रेणीला दात उपटणं तेवढं मोफत.
तो हसला, तोंडावर हात ठेवून.
तो हात मी ओळखते.

सही केली. तीनशे दिनार, शून्य फिल्स.
उपचार चोवीस महिन्यांचा, आमचा व्हिसा चौदा.
पुढचं पुढे.

शाल्मली बाहेर आली,
रबरं मोरपंखी, स्वतः निवडलेली.
जीभ तारेला अडखळतेय:
"आई, चिक्की बंद, फुटाणे बंद. दोन वर्षं!"
दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात,
आम्ही ते पैसे भरून करून घेतलं.

गाडीत बसल्याबसल्या तिनं आरसा खाली ओढला,
आणि सिग्नल सुटेपर्यंत
स्वतःला हसून बघत राहिली.
वरची ओळ लखलखीत, नवीन.
खालची अजून वेडीवाकडी,
माझ्यावर गेलेली,
जानेवारीपर्यंत.