पंधरा दिवसांनी

एकेचाळीस प्रश्न. प्रत्येकासमोर चार चौकटी:
कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी.
अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढल्या,
प्रत्येक पानावर मशीनची एक काळी रेघ.

शब्दांवर सहा महिने गेले होते.
'मला काळजी वाटते' समोर
पाचवीतल्या अरहानने 'नेहमी'वर खूण केली,
आणि खुशीत सांगितलं,
अम्मी घेते ना, रोज डबा देते.
'उदास' कुणाला ठाऊकच नव्हतं.
उपास का, एकाने विचारलं.

मराठी पुन्हा इंग्रजीत न्यायचं काम
कॅम्पातल्या फर्नांडिस बाईंकडे.
'जीव घाबरा होतो'पाशी त्या अडल्या,
पेन्सिल कानावर ठेवून म्हणाल्या,
तिकडे जीवच नाही गं,
नुसतं हृदय आहे.

मुलं आपणहून म्हणायची, कसंतरी होतं.
तज्ज्ञांच्या बैठकीत ते मोघम ठरलं.
मी मान डोलावली. मलाही त्या एसीत
कसंतरीच होत होतं.

अप्पर डेपोमागची मनपा शाळा.
संघमित्रा, सहावी ब.
पहिल्या खेपेला वरपासून खालपर्यंत 'कधीच नाही',
पट्टी धरून आखल्यासारखं.
याला मार्क आहेत का, एवढंच विचारलं.

पंधरा दिवसांनी तोच वर्ग, तेच प्रश्न.
नियमच आहे, माप खरं असेल
तर दोन्हीदा तेच भरेल.
खिचडीचा वास, बाहेर बसचे भोंगे.
या वेळी तिच्या खुणा
उजवीकडे सरकल्या होत्या.
रात्री झोप लागत नाही: बऱ्याचदा.
मी कुणालाच नको आहे, असं वाटतं:
इथे खोडलंय, पुन्हा केलंय, पुन्हा खोडलंय,
कागद पातळ होऊन पलीकडचा प्रश्न दिसतो.

मध्ये काय झालं गं?
काही नाही, म्हणाली.
तुम्ही परत आलात.

घरी आकडा काढला. शून्य पूर्णांक अडुसष्ट.
सर फोनवर म्हणाले, तिसांतली ही एक काढ,
सत्तरी ओलांडेल.

समुपदेशक बाई त्या शाळेत
एक आड एक गुरुवारी येतात.
त्यांना नाव दिलंय, नंबर दिलाय,
या गुरुवारी त्या रजेवर आहेत.
तिची ओळ अजून पडद्यावर निळी.
डिलीटवर बोट नेलं, चहा ठेवायला उठले.

सोमवारी पुन्हा अप्परला जाणार आहे,
प्रश्न न घेता.
पेट्रोलची पावती कुठल्या खात्यात टाकली
ते सर विचारतीलच.