कारण: संकोच

शारजात सातव्यांदा
इन्स्पेक्टरबाईंनी कागदावर आडवी रेघ मारली.
गाडीत आम्ही चार परीक्षार्थी. स्टिअरिंगवर मी,
मागे दाटीवाटीनं एक सुदानी, एक मलबारी नर्स
आणि मनिलाची एक पोर, सारखे ओठ हलत होते तिचे.
एकीनं चालवायचं, बाकीच्यांनी श्वास धरायचा,
जणू चाकं त्यावरच वळणार आहेत.

कागदावर कारण लिहितात. अरबीत, खाली इंग्रजीत.
अक्षरं मला लागली, अर्थ नर्सनं सांगितला:
तू थांबतेस गं.
राउंडअबाउटपाशी जाऊन उभी राहतेस
आणि अख्ख्या गावाला आधी जाऊ देतेस.

संकोच.
मला हसूच फुटलं.
कुडाळला याच एका गुणावर लग्न जमलं होतं माझं.
"पोर संकोची आहे हो," आत्या म्हणाली,
आणि पाहुण्यांनी बसल्या जागी मुहूर्ताचं विचारलं.

ह्यांची कंपनी बुडाली त्या वर्षी.
चार महिन्यांचा पगार वाळूत गेला, हे गावी गेले.
मी राहिले. काही ठरवून नाही,
माझ्या व्हिसाला अजून वर्ष होतं, म्हणून.
नर्सरीच्या व्हॅनमध्ये आया होते, मॅडम म्हणाल्या,
लायसन्स आण, बाई ड्रायव्हरच हवीय, पगार दीडपट.
वहीच्या मागच्या पानावर सगळा हिशेब आहे:
क्लासची फी, पुन्हा क्लासची फी, डोळ्यांची तपासणी, टॅक्सी.
भिशी मात्र दोन्ही वेळा पहिली मीच उचलली.
तिथे नाही झाला संकोच.

सातव्यानंतर फाइल कपाटावर फेकली,
वर लोणच्याची बरणी ठेवली.
फोनवर हे म्हणाले, पुरे आता, शेहेचाळीस झाली.
मी स्वतःला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.
आमच्या व्हॅनमध्ये एक रायन आहे,
पुलाच्या उतारावर रोज ओकतो.
त्याला मी म्हणते, होतं रे सोन्या, तोंड पूस,
उद्या खिडकीपाशी बस.
रोज म्हणते. उद्या म्हणते.
आणि त्याच तोंडानं रात्री आरशातल्या बाईला
ते सगळं.

पाय मात्र ऐकत नव्हता.
सिग्नल लाल झाला की उजवा पाय आपोआप
व्हॅनची जमीन दाबायचा.
नौशाद एकदा आरशात बघून म्हणाला,
दीदी, पत्रा फुटेगा.

काही घडलं नाही. कुणी काही समजावलं नाही.
फेब्रुवारीत लोणचं संपलं, बरणी घासायला खाली काढली,
तर फाइलवर तेलाचं गोल कडं,
बरोबर माझ्या फोटोभोवती.
जरा वेळ पाहत उभी राहिले.
मग हात पुसले.

खिडकीतल्या पोरानं फाइल नाकाशी नेली,
"अच्चार?" म्हणाला, आणि हसत हसत शिक्का मारला.
आठवी तारीख. मे महिना, मंगळवार, सकाळचे सात.

आज मागे तिघी नव्या.
एकीच्या हातात माळ आहे.
हवेत धूळ, काचेवर धूळ, तोंडात धूळ.
राउंडअबाउट आला.
डावीकडून पाण्याचा टँकर, गेला.
मग एक पांढरी पिकअप, बकऱ्यांनी भरलेली,
एक बकरी थेट माझ्याकडे बघत गेली.
मग शाळेची बस. तिला मी जाऊ दिलंच असतं.
मग
एवढीशी फट.

बाईसाहेबांनी पेनाचं टोपण काढलंय.
मागच्या सीटवर कुणीतरी श्वास धरला.
मी माझा सोडला,
आणि ब्रेकही.