माणूस आत आहे

तीनशे चारच्या गिझरनं माझा दंड भाजला,
त्याला आता दोन वर्षं झाली.
चादरी बदलायला गेल्या की सुमित्राक्का अजून विचारतात,
बरा हाय का रं हात?
हात बरा आहे.
गिझर तोच आहे.

ताराबाई पार्कातलं हॉटेल. प्रत्येक दारामागं
पाहुण्यांसाठी नकाशा : आग लागल्यास या बाजूने जावे.
रंगाप्पाच्या कपाळावर सात टाके,
तळघरात जनरेटरमागं बीम कुठं खाली आलीय
ते अंधारातही त्याला बरोबर ठाऊक.
टाकीच्या शिडीची खालून तिसरी पायरी
माझ्या नडगीवर आहे.

इलाहीभाई मुजावरांची दोन बोटं गच्चीवर गेली.

लग्नाची तिथ होती. खालच्या हॉलात
शिरोळचं वऱ्हाड, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या फिरत होत्या,
आणि नवऱ्याचा मामा म्हणाला, लई उकडायलंय.
इलाहीभाई वर ब्लोअरचा पट्टा बसवत होते.
पॅनेल तळमजल्यावर. खटका त्यांनी पाडून ठेवलेला.

मॅनेजर म्हणाले, बघ रे, एसी का बंद आहे.
मला लागून तीन महिने झाले होते.
बघितलं. खटका खाली होता.
वर केला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
लिहिलंही आत्ताच, इथं.

बारमधली बर्फाची बादली,
तिच्यावर हॉटेलचं नाव सोनेरी अक्षरांत.
रिक्षात मी मागं, बादली मांडीवर,
दसरा चौकात सिग्नल लागला तेव्हा कळलं
की बर्फाचा चिमटाही आतच राहिलाय.
सीपीआरच्या पोर्चमध्ये इलाहीभाई मला म्हणाले,
जेवलास का?

नोंदवहीत एक ओळ आहे :
‘कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. किरकोळ.’
खाली साक्षीदार म्हणून माझी सही.
सही चांगली आलीय, ठळक.

कॉन्ट्रॅक्टरनं अकरा दिवस कापले.
बाराव्या दिवशी ते आले, डाव्या हातात पाना धरून
नट उलटा फिरवायला लागले, स्वतःच हसले.
म्हणाले, मोजाय धा बोटं कशाला पायजेत,
पगार तर आठातच मोजून होतोय.
सगळे हसले. मीही हसलो,
जरा जास्त वेळ.

त्यांनी कधी विचारलं नाही, खटका कुणी वर केला.
माहीत नव्हतं म्हणून, की माहीत होतं म्हणून,
हे मला विचारता आलं नाही.
आता ते उद्यमनगरात मेहुण्याच्या दुकानात
पंख्यांची मोटर भरतात.
तार बारीक असते. दोन बोटं कमी पडतात,
असं सुमित्राक्का म्हणाल्या, सहज.

लक्ष्मीपुरीतनं मी एक कुलूप आणलं, नव्वद रुपयांचं.
बिल कुणाला दिलं नाही.
मिठाईच्या पुठ्ठ्यावर काळ्या मार्करनं लिहिलं :
माणूस आत आहे.

परवा शुक्रवारी लिफ्ट अडकली.
हुपरीचा नवा पोरगा, अरिहंत, खड्ड्यात उतरला,
बॅटरी तोंडात धरून.
पॅनेलला कुलूप. कुलपावर पुठ्ठा.
किल्ली माझ्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी.

मॅनेजर आले. मागं सामानाच्या पाच बॅगा घेऊन पाहुणे.
अजून किती वेळ?
मी पुठ्ठ्याकडं बोट केलं.
वाचलंय मी, ते म्हणाले. वेळ किती?
मी म्हणालो, माणूस आत आहे, साहेब.
किल्ली दे.

खालून अरिहंतनं हाक मारली,
दहा नंबरचा पाना टाका की वरनं.
मी वाकून पाना खाली दिला.
मग तिथंच, पॅनेलला पाठ लावून
फरशीवर बसलो.
फरशी गार होती.
पाहुणे जिन्यानं चढायला लागले,
एकेका मजल्यावर बॅग टेकवत,
आणि ते मला काय म्हणत होते
ते मला नीट ऐकू येत होतं.