रकाना सात

पाचपाखाडी, तिसरा मजला. फाइल पंख्याखाली फडफडते,
म्हणून तिच्यावर गायमुखचा एक गुळगुळीत दगड.
विषय : नौपाड्यात, जुन्या छापखान्याच्या जागी
बावीस मजले, दोनशे आठ घरं,
सगळी भाड्याची. विकायचं एकही नाही.
रकाना सात : उद्यान शुल्क, प्रति सदनिका.
कोरा.

तो भरायचं काम माझं.
मी वरिष्ठ लिपिक. झाडं मला बिलांवरून ठाऊक :
बकुळ, नग चाळीस.
सोनचाफा, नग बारा, पैकी मृत पाच.

साहेब म्हणाले, सूत्र बसवा, मॅडम.
बसवलं.
घरामागे माणसं अडीच
(अर्धं माणूस कोण, ते परिपत्रकात नाही),
जमिनीचा भाव, गुणिले, भागिले,
आणि कळलं की या प्रभागात
एका माणसाच्या वाट्याला आज
देवापुढच्या आसनाएवढी बाग आहे.
मांडी घालून बसता येईल.
पाय पसरले तर शेजाऱ्याच्या हद्दीत.

आकडा आला अठरा हजार चारशे.

छेडा डेव्हलपर्सचा माणूस भेटायला आला,
मिठाई न आणता, चष्मा पुसत.
ताई, तुम्ही लिहाल तो आकडा
आम्ही भरू. पण उतरेल तो भाड्यातच.
महिना तीनशे धरा.
भाडं कोण देणार? सिव्हिलमधली नर्स,
वागळे इस्टेटमधला सुपरवायझर,
नुकतं लग्न झालेलं एखादं जोडपं.
ज्यांच्याकडे कुंडी ठेवायला खिडकी नाही
त्यांच्याकडूनच तुम्ही बागेचे...
वाक्य त्यानं तिथंच ठेवलं, फाइलीवर.
खोटारडा असता तर सोपं गेलं असतं.

मी चरईत राहते. अकरा महिन्यांचा करार, यंदाचा नववा.
भिंतीला खिळा ठोकणार नाही, असं
नऊ वेळा सही करून दिलंय.

दुपारी लहानू वाघेंना गाठलं.
नर्सरीत पाइपाची गुंडाळी करत होते.
बकुळीची सावली पडायला किती वर्षं?
पडायला धा. बसण्याजोगी म्हणाल तर पंधरा.
म्हटलं, भाडेकरू तर अकरा महिन्यांत जातो.
तो कशाला भरेल पंधरा वर्षांनंतरच्या सावलीचे?
त्यांनी पाइप खांद्यावर टाकला.
जातो तर दुसरा येतो न्हवं, बाई?
बाकाला काय त्याचं. बूड बदलतं, बाक तोच.

हे टिपणीत घालता येत नाही.
टिपणीत मी लिहिलं :
"लाभधारक बदलते असले तरी लाभ कायम स्वरूपाचा आहे."
आणि खाली, पेन्सिलीनं, लहान अक्षरांत, एक अट :
जमा रक्कम त्या इमारतीपासून
पाच मिनिटांच्या चालीतच खर्च करावी.
चाल मुलाची धरावी.

सभेत पाऊण तास कोलशेतच्या कारंज्यावर गेला.
मग कुणीतरी घड्याळ पाहिलं.
अठरा हजार चारशेचे नऊ हजार दोनशे झाले,
तेही तीन हप्त्यांत.
अट तशीच राहिली. तिच्यापर्यंत कुणी वाचलंच नसावं.

संध्याकाळी छापखान्याच्या फाटकाशी उभी राहिले.
शिशाचा वास अजून येतो, की मला वाटतो.
घड्याळ लावलं, पावलं आखूड केली,
एका भेळवाल्यानं वळून पाहिलं.
पहिल्या मिनिटाला औषधांचं दुकान.
दुसऱ्याला स्कूटरींची रांग, रस्त्यावर उतरावं लागतं.
(मुलानं कसं उतरायचं?)
चौथ्याला एक गल्ली, जिच्यात मी
तेवीस वर्षांच्या नोकरीत कधी शिरले नव्हते.
आणि तिच्या टोकाला जाळीमागे
एक ट्रान्सफॉर्मर, फुटके पेव्हर ब्लॉक,
एक जांभूळ, कुणी न लावलेलं,
आणि गंजलेली पाटी : ही जागा महानगरपालिकेच्या मालकीची.

चार मिनिटं चाळीस सेकंद.

फाटकाला कुलूप. कुलूपही आपलंच.
किल्ली कोणत्या विभागाकडे
ते उद्या विचारते.