शनिवार, तोकोनाओ

अठ्ठावीस चाकांची माझी गाडी
शंभर टनांची ताटली पाठीवर घेऊन
चाहनांतोरचं पठार चढते तेव्हा
लामाही थांबून बघतात, एवढी हळू.
नाकात नळी. टाकी मांडीशी.
पाच हजार मीटरवर माणूस
शब्दसुद्धा मोजून खर्च करतो.

इस्मेनियाची टकळी मात्र चालूच.
कोन्सेप्सिओनहून आलेली, ओठ फुटलेले,
ताटल्यांनी काय ऐकलं ते तिला कळतं.
परवा खालच्या खानावळीत
माझ्या सूपाशेजारी तिने एक चित्र ठेवलं:
मधोमध निखारा, भोवती कडी,
कड्यांमध्ये काळ्या भेगा.
"आपला सूर्य नव्हे हा, दुसऱ्याच कुणाचा.
पण आपलंही असंच झालं असणार."
आणि भेगा?
"तिथून कुणीतरी चरत गेलंय.
ग्रह दिसत नाही अजून.
चारा संपलेला दिसतो."

सुट्टीत चित्र आईला दाखवलं.
तिची बोटं लोकरीत,
खरी टकळी जमिनीपासून वीतभर वर गरगरत.
मला जसं समजलं तसं सांगितलं:
धुळीचा एक ढग होता, गारठलेला,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आपल्याच वजनाने आत आत बसू लागला.
अंगात एक गिरकी होती,
त्यालाही ठाऊक नसेल इतकी जराशी,
ती आवळता आवळता वेगाची झाली.
फिरता फिरता ढग भाकरीसारखा चपटा झाला.
जवळजवळ सगळं मधल्याने गिळलं
आणि तो पेटला.
कडेला कणाला कण चिकटला, खड्याला खडा,

"म्हणजे आपण उरलासुरला चुरा?"
हो.
"मग मधल्याने आपल्याला का सोडलं?"
सोडलं नाही, आई. ओढतोच आहे.
आपण पडतोच आहोत त्याच्याकडे,
पण बाजूला पळण्याचा तो जुना वेग
अजून अंगात आहे,
त्याला अडवायला वर काहीच नाही.
म्हणून दर क्षणी पडतो
आणि दर क्षणी हुकतो.
हुकण्याचीच वाट पडली.
तिच्या एका फेरीला आपण वर्ष म्हणतो.

आईने धागा दातांनी तोडला.
"आपल्या एउसेबियोसारखं."

माझा भाऊ कालामाच्या तांब्याच्या खाणीत.
बावीस वर्षं. दर सणाला "येतो" म्हणतो.
घरी येत नाही,
आणखी लांबही जात नाही.
दर रविवारी फोन, सातच्या सुमारास.
मी काही बोललो नाही.
इस्मेनियाच्या गणितात हे बसतं की नाही
कुणास ठाऊक.

आईने चित्र डोळ्यांशी धरलं.
लोकरीतलं कुसळ काढावं तशी
काळी भेग नखाने खरवडून पाहिली.
निघाली नाही.
"कधीचं आहे हे?"
तिथून उजेड निघाला
त्याला साडेचारशे वर्षं झाली.
"मग एव्हाना सूत झालं असेल,"
ती म्हणाली,
आणि फोनकडे बघितलं.

शनिवार होता.