बेल्लाची वाट

कुत्र्याला चालेल अशी डोंगरातली वाट कुठं मिळेल,
हे मी पहिल्यांदा विचारलं जांबोटीला, चहावाल्याला.
वाटा हाईत की, तो म्हणाला,
खरं कुत्र्याला कशाला?

बेल्ला बाकाखाली पसरलेली,
गुळाच्या ढेपेच्या रंगाची, एक कान फाटका.
गोकाकच्या बाजारातनं आमच्याकडं आली.
बस म्हटलं की उठते. कूडु म्हटलं की बसते.
उद्यमबागेत फाउंड्रीत तीस वर्षं काढून
जेवढं कन्नड मला आलं नाही
तेवढं हिनं दोन वर्षांत शिकवलं,
तेही सगळं आज्ञार्थी.

पगाराच्या वहीचं मागचं पान घेतलं.
एकेका रविवारी एकेक वाट लिहायची,
आणि संध्याकाळी खोडायची.

भीमगडच्या गेटवर गार्डनं काठी आडवी धरली.
नायी बिडंगिल्ल री.
आत रानकुत्री आहेत, चौदा-पंधरा,
त्यांना आपल्यातलं असं कुणी नको असतं.
बोलता बोलता त्यानं तिचा फाटका कान खाजवला,
खिशातलं अर्धं बिस्कीट दिलं,
आणि पुन्हा सांगितलं, बिडंगिल्ल.
त्याचं बरोबर होतं. मी भांडलो नाही.

राजहंसगडावर नऊ वाजताच दगड तापलेला.
ती एक पाय उचलायची, मग दुसरा,
मला वाटलं नाटक करते.
चप्पल काढून उभा राहिलो, तेव्हा कळलं.
अठरा किलोचं कुत्रं खांद्यावर घेऊन
पायऱ्या उतरणारा माणूस बघून
कॉलेजची पोरं फोटो काढत होती.

वैजनाथला माकडं.
त्याबद्दल जास्त सांगत नाही.

मग कणकुंबीच्या अलीकडं, गवळीवाड्यावर, धुळू येडगे.
मी वाट विचारली, त्यानं मलाच विचारलं.
गुरं बघून भुकती का?
नाही.
पळत्या पाण्याला भिती का?
माहीत नाही.
बिबट्या येतोय हितं. सांजंच्या आत परत या.
आणि वाटंचं मला काय विचारता,
माझ्या तिघांना विचारा.

तिघं आलीच होती.
गळ्यात खिळ्यांचे पट्टे, शेपट्या ताठ,
पावलं अशी, की घर त्यांचंच आहे आणि आपण उशिरा आलोय.
दोरी सोडा, धुळू म्हणाला.
दोरी असली की भांडण होतंय.

वितळलेलं लोखंड ओतताना हलला नाही माझा हात.
तो आता दोरीचा पीळ धरून बसला.
सोडा वो, धुळू पुन्हा म्हणाला,
आणि दूध काढायला आत निघून गेला.

सोडली.

कोण किती वेळ कुणाला हुंगत होतं, मोजलं नाही.
म्हशीच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली.
मग तिघांतलं थोरलं, काळं,
वळलं आणि अंजनीच्या झुडपांत शिरलं.
बेल्ला त्याच्यामागं.
मी तिच्यामागं.

करवंदीची जाळी, ओढा,
(भिते. उचलून नेली. काळं वाट बघत थांबलं.)
मग मोकळा सडा, जांभा दगड, पिवळं पडलेलं गवत,
वारा असा की फाटका कान झेंड्यासारखा.
तिथं हद्दीचा दगड आहे, आकडे झिजलेले.
बेल्लानं तो अलीकडनं हुंगला, पलीकडनं हुंगला,
आणि त्याच्या सावलीत झोपली,
डोकं कुठल्या राज्यात, शेपटी कुठल्या, मी पाहिलं नाही.
माझी शिदोरी काळ्यानं खाल्ली.

सोमवारी कारखान्यात शिवलिंगनं विचारलं,
सापडली का वाट? सांगा की, माझंबी एक कुत्रं आहे.
वही उघडली. काय लिहिलेलं?
धुळूच्या गोठ्यापासनं डावीकडं.
पुढं काळं नेईल तसं.
दोरी खिशात.

त्या रात्री तिच्या कानातनं गोचिड्या काढल्या.
मी काढत होतो, बायको घासलेटच्या वाटीत टाकत
मोजत होती,
ओंदु, एरडु, मूरु,
कन्नडमध्ये का, तिचं तिला ठाऊक,
आणि बेल्ला प्रत्येक आकड्याला
शेपटी एकदा जमिनीवर आपटत होती.