ओमारूहून आणलेलं अर्धं इंजिन

मर्डो गिलेस्पीने गॅरेजचं दार वर सरकवलं
आणि आधी माफी मागितली: थंडीची, पसाऱ्याची,
कुत्र्याच्या वासाची. इंजिनाची नाही.

ते बाकावर होतं, जुन्या दुलईखाली.
पाच इंची रुळांवर चालेल असं.
चालेल, म्हणजे कधीतरी.
सहा चाकं, चौकट, डावा सिलिंडर पुरा,
उजवा अजून ओतीव ढेकूळ, अंगावर साच्यातली वाळू तशीच.
बॉयलर नाही. बॉयलरच्या नावाने
तांब्याचा एक पत्रा, गुंडाळून
कोपऱ्यात उभा, पावसाळा संपल्यावरच्या छत्रीसारखा.

मी चष्मा बदलला. चाळीस वर्षं
ड्युनेडिनभर लोकांच्या तोंडात राहिले आहे मी,
कवळ्या, टोप्या, पूल घडवत; केसभर चुकलं
तर माणूस प्रत्येक घासाला माझा उद्धार करतो.
तेव्हा बोट फिरवलं चौकटीवरून
आणि ते तिसऱ्या चाकामागे अडलं:
एक भोक, जागा सोडून,
खऱ्या भोकाला जवळजवळ चिकटलेलं.

"ते माझं नाही," तो म्हणाला.
"पोर्ट चामर्सच्या एका बोटीवाल्याकडून आलं ते तसंच.
बुजवणार होतो."
किती वर्षांपूर्वी, हे मी विचारलं नाही.
त्याचा उजवा हात खिशात होता
आणि खिसा हलत होता.

भाव त्याने सांगितला. मी गप्प, म्हणून त्यानेच उतरवला.
मग मलाच लाज वाटून मी थोडा चढवला.
असा उलटा बाजार चहा निवेपर्यंत चालला.
शोना, त्याची बायको, खिडकीतून
बाकाची लांबी डोळ्यांनी मोजत होती.

डबे सत्तावीस. तंबाखूचे, खोकल्याच्या गोळ्यांचे,
एक तान्ह्या बाळाच्या दुधाचा.
प्रत्येकावर चिकटपट्टी आणि अक्षर:
आधी ताठ, शाळामास्तरी,
पुढे कलत गेलेलं,
शेवटच्या तिघांवर नुसत्या लाटा.
ते तीन मी हलवून ऐकले.

किलमोगच्या चढावर मागे काहीतरी सरकलं.
पहिला चढ, बिचाऱ्याचा,
तोही दुसऱ्याच्या पाठीवर.

घरी जेवणाच्या टेबलावरून मीठ, वर्तमानपत्र, ताट हटवलं.
मी सदुसष्टची. बॉयलरला दोन वर्षं धर.
त्याच्या तपासणीची सही म्हणजे क्लबातला डेस्मंड क्लूनी,
म्हणजे आणखी एक हिवाळा.
हिशेब पुरा केला नाही, कागद पालथा घातला
आणि त्याची यादी उघडली. चार पानं.
झालेल्यापुढे खूण, उरलेल्यापुढे काही नाही,
काहींपुढे खूण करून पुन्हा खोडलेली.

ते भोक अजून तसंच आहे.
बुजवणं हा माझा जन्माचा धंदा,
पण रोज कानस उचलते आणि दुसरंच काही घासत बसते.

नवव्या दिवशी लाटांपैकी एक डबा उघडला.
कापसात पितळेची शिट्टी. पुरी झालेली,
चकचकीत, करंगळीएवढी,
तळाशी कोरलेलं साल चौकटीच्याही आधीचं.
चारही पानं शोधली. यादीत ती नव्हतीच.
मी फुंकली. शेजारच्यांचा दिवा लागला.

मग फोन केला. नाव सांगितलं नाही,
नुसती फुंकली.
पलीकडे बराच वेळ काही नाही. मग कुत्रं.
मग तो: "तोंडाने पातळच वाजते, हेस्टर.
वाफेवर सूर चढतो. निदान साठ पौंड दाब हवा."
साठ, तो पुन्हा म्हणाला,
लिहून घे.

यादीत जागा नव्हती.
पानाच्या कडेला लिहिलं, आडवं,
माझ्या अक्षरात.